पैसे संपू द्या! मुलांसोबत ‘व्यापार’ खेळताना काय करावे, काय टाळावे

दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत माळ्यावरून ‘व्यापार’चा डबा खाली येतो आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास म्हणतं, “खेळा, खेळा, तेवढंच पैशाचं कळेल.” कळतं, पण आपोआप नाही. आणि जे कळतं ते सगळंच बरोबर असतं असंही नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: या खेळातला पैसा खोटा असला तरी तो संपतो, आणि संपतो म्हणूनच शिकवतो. पोराला वाईट वाटू नये म्हणून मोठी माणसं तो संपू देत नाहीत, तिथे शिकणं थांबतं. शिवाय हा पट दोन-चार गोष्टी साफ चुकीच्या शिकवतो. त्या कोणत्या, हे निदान मोठ्यांना तरी ठाऊक असावं.

‘व्यापार’ म्हणजे मुंबई, दिल्ली, कलकत्ता अशी शहरं असलेला आपला देशी पट. त्याचे आकडे डब्यागणिक बदलतात. म्हणून हिशेबाची उदाहरणं तो ज्यावर बेतला आहे त्या मोनोपॉलीच्या मूळ अमेरिकी पटावरून घेतली आहेत. तिथे सुरुवातीला प्रत्येकाला १,५०० डॉलर मिळतात आणि एक फेरी पुरी केली की २००.

डबा उघडण्याआधी

करा: वय बघा. मोनोपॉलीच्या डब्यावर आठ वर्षं लिहिलेलं असतं आणि ते बरोबर आहे. पाच वर्षांच्या मुलाला शंभराची नोट आणि दहाची नोट यांत रंगाचाच फरक दिसतो. त्याच्याशी दुकान-दुकान खेळा, खऱ्या नाण्यांनी. दहा रुपयांच्या नाण्यात दोन रुपयांची पाच नाणी बसतात हे त्याला कळलं की पुढचं पुढे.

टाळा: कच्चं लिंबू. धाकट्याला खेळात घ्यायचं पण भाडं मात्र माफ, असं करू नका. लंगडीत किंवा लपाछपीत कच्चं लिंबू चालतं, इथे नाही. एकाला भाडं माफ झालं की बाकीच्यांचा हिशेब बिघडतो आणि त्या धाकट्याला आयुष्यभर पुरेल अशी समजूत मिळते की आपण रडलो की बिल दुसरा भरतो. त्याला घ्यायचंच असेल तर मोठ्याच्या जोडीला भागीदार म्हणून घ्या. नोटा मोजणं त्याच्याकडे, फासे टाकणंही त्याच्याकडे.

करा: नियमांचा कागद एकदा मोठ्याने वाचा. बहुतेक घरांत हा कागद कुणी वाचलेलाच नसतो. खेळ चालतो तो मोठ्या भावंडांनी सांगितलेल्या नियमांवर. मग दोन गोष्टी हटकून घडतात: लिलावाचा नियम गायब होतो आणि लॉटरीचा नियम कुठून तरी घुसतो.

आधी लॉटरीचं. दंड आणि कराचे पैसे बँकेत न टाकता पटाच्या मधोमध ठेवायचे आणि फ्री पार्किंगवर (आपल्याकडे क्लब किंवा रेस्ट हाउसवर) जो येईल त्याने ते उचलायचे, असं पुष्कळ घरांत चालतं. मूळ नियमात फ्री पार्किंगवर काहीही मिळत नाही. तो नुसता विसावा आहे. मधला ढीग मुलांना फार आवडतो, पण त्याने दोन नुकसानं होतात. खेळातून बाहेर जायला हवा तो पैसा खेळातच फिरत राहतो, कुणाचंच दिवाळं निघत नाही आणि डाव चार-चार तास रेंगाळतो. आणि मुलं जागा घेण्याचा विचार सोडून त्या ढिगाकडे बघत बसतात.

लिलावाचं महत्त्व याहून मोठं. मोनोपॉलीचा नियम असा की कुणी एखाद्या जागेवर आला आणि त्याने ती घेतली नाही, तर बँकवाल्याने तिथल्या तिथे लिलाव पुकारायचा. ‘नको’ म्हणणाऱ्यालाही बोली लावता येते आणि बोली कितीपासूनही सुरू करता येते. एकदा खेळून बघा. बोर्डवॉक ही पटावरची सगळ्यात महाग जागा, किंमत ४०० छापलेली. पण सगळ्यांचे खिसे रिकामे असताना ती ९०ला जाते. दुसऱ्या डावात सगळ्यांकडे पैसा खुळखुळत असतो तेव्हा साधी १०० डॉलरची जागा २५०वर चढते. जागेवर छापलेला आकडा बदलत नाही, तरी भाव बदलतो. नाशिकच्या कांद्याचा भाव रोज का बदलतो हे दहा वर्षांच्या मुलाला समजवायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

करा: कागदी नोटांचाच डबा घ्या. मोनोपॉलीची कार्ड आणि यंत्र असलेली आवृत्ती २००६ पासून मिळते आहे. यंत्र बेरीज-वजाबाकी करतं, डाव झरझर पुढे जातो. पण आजच्या मुलांनी पैसा बघितलाय कुठे? आई वाण्याकडे फोन पुढे करते, डबीतून आवाज येतो, “पैसे मिळाले,” की सामान पिशवीत. यूपीआय २०१६ मध्ये आलं. त्यानंतर जन्मलेली मुलं आता व्यापार खेळायच्या वयात आहेत. त्यांच्या लेखी पैसा म्हणजे एक आवाज आहे. नोट हातातून जाते तेव्हा ती जाताना दिसते, गड्डी पातळ होते, मोड मागावी लागते. ते सगळं यंत्रात उडून जातं. मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की यंत्र आणा, खुशाल.

करा: घड्याळ लावा. दीड तास. त्यानंतर डाव थांबवायचा आणि हिशेब करायचा. हिशेब कसा, ते पुढे येईल.

डाव चालू असताना

करा: बँक मुलांकडे द्या, आळीपाळीने. बँक नेहमी दादाकडे आणि ताईकडे फक्त जागांची कार्डं, ही वाटणी अजूनही कित्येक घरांत बघायला मिळते. ती मोडा. बँक सांभाळणं हा या खेळातला सगळ्यात जास्त शिकवणारा भाग आहे. मोड द्यायची, फेरीचे पैसे न विसरता मोजायचे, गहाणाचा हिशेब ठेवायचा, आणि चौघं एकदम ओरडत असताना एकाही नोटेची चूक करायची नाही.

एक गोष्ट मात्र कडक ठेवा. बँकवालाही खेळत असेल तर बँकेचे पैसे आणि त्याचे स्वतःचे पैसे वेगळ्या ढिगांत, मध्ये हातभर अंतर. हा मूळ नियमच आहे. आपल्याकडे पतसंस्था आणि सहकारी बँका ज्यांच्यामुळे बुडाल्या, त्यांतल्या कित्येकांनी हे हातभर अंतर ठेवलं नव्हतं.

आणि हो, खेळातली बँक कधीच बुडत नाही. नोटा संपल्या तर बँकवाल्याने साध्या कागदावर आकडे लिहून द्यायचे, असं नियमच सांगतो. दहाच्या वरच्या मुलाला इथे एक गोष्ट सांगायला हरकत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा मुंबईतल्या खातेदारांना सुरुवातीला आपल्याच खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरच्या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. “मग आजोबांचे पैसे कुठे आहेत?” असा प्रश्न येईल. येऊ द्या.

करा: रोकड संपण्याचा अनुभव पुरता घेऊ द्या. माझी भाची नऊ वर्षांची. एका सुट्टीत तिने व्यापारच्या पटावर दिसेल ते शहर घेतलं. समोर कार्डांची ओळ, चेहऱ्यावर जमीनदारणीचा रुबाब आणि हातात दहाच्या चार नोटा. पुढच्याच फाशाला ती दादाच्या मुंबईवर आली, दोन घरं बांधलेल्या.

“मामा, माझ्याकडे एवढी शहरं आहेत ना!”

“आहेत गं. पण दादाला भाडं हवंय, शहर नकोय.”

मग गहाण सुरू झालं. एक शहर गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं तेव्हा भाडं फिटलं. गहाण टाकलेल्या शहरावर दादाची सोंगटी लगेचच आली, आणि भाडं मागायला पुढे केलेला हात तिला मागे घ्यावा लागला. गहाण जागेचं भाडं मिळत नाही. हा दुसरा फटका पहिल्यापेक्षा जोरात बसला. त्या दिवशी कुणीही तिला काही समजावून सांगितलं नाही. पुढच्या डावात मी बघितलं, तिने एक गड्डी गुडघ्याखाली दाबून ठेवली होती आणि तिला ती हात लावत नव्हती. “ही भाड्याची,” एवढंच म्हणाली.

मालमत्ता असणं आणि हातात पैसा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कितीतरी मोठ्या माणसांना फ्लॅटचा हप्ता थकल्यावर कळतं. मोनोपॉलीचे आकडे तर याबाबतीत निर्दय आहेत. बोर्डवॉकवरचं एक घर २०० डॉलरला बांधायचं, पण नड आली म्हणून बँकेला परत विकलं तर १०० मिळतात. जागा गहाण टाकली तर निम्मी किंमत, म्हणजे २००. सोडवायची तर दहा टक्के वर, म्हणजे २२०.

टाळा: आजीचे गुपचूप पाचशे. नात रडवेली झाली की आजीचा हात पदराआडून पुढे येतो. “घे गं, कुणाला सांगू नको.” आजीला ओरडणं कुणाला जमणार? त्यापेक्षा आजीलाच बँकेत बसवा. तिथे तिचा काटेकोरपणा बघण्यासारखा असतो.

करा: तिसऱ्या घराचा हिशेब मांडायला लावा. मुलांचा सगळा ओढा महाग जागांकडे असतो. आपल्या पटावर मुंबई-दिल्ली, तिकडे बोर्डवॉक. पण मोनोपॉलीतला नारिंगी रंगाचा गट बघा. न्यूयॉर्क अ‍ॅव्हेन्यूची किंमत २००. रिकाम्या जागेचं भाडं १६, एका घराचं ८०, दोन घरांचं २२०, तीन घरांचं ६००. इथलं घर बांधायला लागतात १००. म्हणजे तिसऱ्या घरासाठी घातलेले १०० डॉलर भाडं ३८० ने वाढवतात. चौथ्या घराने मात्र २०० च वाढतात. कुठे थांबायचं हे भाड्याच्या तक्त्यातच लिहिलेलं असतं, फक्त वजाबाकी करायची असते.

याच गटाची आणखी एक गंमत. पटावर सगळ्यात जास्त वेळा सोंगट्या जाऊन बसतात त्या तुरुंगात. तुरुंगापासून नारिंगी गटाच्या तीन जागा आहेत ६, ८ आणि ९ चौकोनांवर. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ पडण्याच्या ५, ८ पडण्याच्या ५ आणि ९ पडण्याच्या ४. म्हणजे दंड भरून तुरुंगातून निघणारा माणूस पहिल्याच फेकीत या गटावर येण्याची शक्यता ३६ पैकी १४. सातवीतल्या मुलाला कागदावर चौकटी आखून हे मोजायला सांगा. स्वस्त जागा मोक्यावर असली तर महाग जागेपेक्षा जास्त कमावते, हे त्याचं त्यालाच सापडेल. एसटी स्टँडसमोरची वडापावची टपरी आठवली तर तीही सांगू द्या.

करा: आयकराचा जुना नियम खेळा. २००८ पर्यंतच्या अमेरिकी पटावर आयकराच्या चौकोनात दोन पर्याय होते: सरसकट २०० डॉलर भरा, नाहीतर आपल्या एकूण मालमत्तेच्या दहा टक्के. गोम अशी की बेरीज करण्याआधी निवड सांगायची. मालमत्ता २,००० पेक्षा कमी असेल तर दहा टक्के परवडतात, जास्त असेल तर २००. हा अंदाज मनात ठेवायचा म्हणजे आपल्याकडे किती आहे याचं भान सतत ठेवायचं. आता सरसकट २०० झालेत. खेळ सोपा झाला, पण गंमत गेली.

टाळा: हातउसने. मूळ नियमात एका खेळाडूने दुसऱ्याला कर्ज देणं बसतच नाही. कर्ज फक्त बँकेकडून, जागा गहाण टाकून. लहानांसाठी हेच ठेवा. “दादा, दे ना, नंतर देते,” हे चालू झालं की खेळ संपलाच म्हणून समजा.

बारा वर्षांवरच्या मुलांना मात्र उसने देऊ द्यायला माझी हरकत नाही. अट एकच: चिठ्ठी लिहायची. रक्कम, व्याज, दोघांच्या सह्या. फेरीला दहा टक्के व्याज, व्याजावर व्याज. ५०० घेतले की पहिल्या फेरीला ५५०, दुसऱ्या फेरीला ६०५, आणि सातव्या फेरीला ९७४. जवळपास दुप्पट. शाळेत चक्रवाढ व्याजाचं सूत्र पाठ करणारं मूल तिसऱ्या फेरीलाच गयावया करून कर्ज फेडायला येतं. त्यानंतर क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर, हे त्याला सांगितलं तर ते नुसतं ऐकून सोडून देणार नाही.

करा: किराण्याचा नियम जोडा. खेळ मऊ करणारे घरचे नियम टाळायचे, पण कडक करणारे चालतात. या पटावर कुणी जेवत नाही, शाळेची फी भरत नाही, विजेचं बिल येत नाही. पटावर विजेची कंपनी आहे, बिल नाही! म्हणून फेरीचे २०० मिळाले की त्यातले १२० लगेच घरखर्च म्हणून बँकेत भरायचे. एका नियमाने डावाचा नूर बदलतो. २०० ची कमाई खरं तर ८० ची होती हे दोन फेऱ्यांत लक्षात येतं. मोनोपॉली विकणाऱ्या पार्कर ब्रदर्सनेच १९७५ मध्ये ‘पे डे’ नावाचा खेळ काढला होता. त्याचा पट म्हणजे महिन्याचं कॅलेंडर, ३१ दिवसांचं. टपालाने बिलं येत राहतात आणि पगार महिनाअखेरीला. पगारदार घरातल्या मुलांना तो पट व्यापारपेक्षा जास्त ओळखीचा वाटावा.

टाळा: खेळता खेळता शिकवणी. “बघ, म्हणून मी म्हणत होतो, बचत कर!” हे वाक्य डाव चालू असताना तोंडातून निघता कामा नये. तसंच “तुला पैशाचं काही कळत नाही” हेही. नऊ वर्षांच्या मुलीला हे एकदा सांगितलं की तिशीतही ती गुंतवणुकीचे कागद नवऱ्याकडे सरकवते.

टाळा: खऱ्या पैशांची पैज. पाच रुपयांचीसुद्धा. घरात पैसे लावून खेळायची सवय लागलेल्या मुलाला फोनवरचे पैशांचे खेळ परके वाटत नाहीत. असल्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने देशभर बंदी आणावी लागली. हरणाऱ्याने सगळ्यांची ताटं उचलावीत, एवढी पैज पुरे.

पट काय चुकीचं शिकवतो

टाळा: “जिंकला, म्हणजे हुशार.” फाशांचा वाटा कमी लेखू नका. पॉल पिफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, मोनोपॉलीचा एक लबाडीचा डाव मांडला. शंभराहून अधिक जोड्या, एकमेकांना अनोळखी. नाणं उडवून एकाला ‘श्रीमंत’ ठरवायचं. त्याला सुरुवातीला दुप्पट पैसे, फेरीचे पैसे दुप्पट, आणि दुसऱ्याला एक फासा तर त्याला दोन. निकाल अर्थातच ठरलेला. बघण्यासारखं पुढेच आहे. श्रीमंत खेळाडू डाव रंगेल तसे सोंगटी जोरात आपटायला लागले, वर्चस्व गाजवायला लागले. आणि शेवटी “तुम्ही का जिंकलात?” असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं ते आपण कोणत्या जागा कशा हुशारीने घेतल्या याबद्दल. नाण्याचा छापा-काटा कुणाला आठवला नाही. पिफने हे २०१३ मधल्या एका व्याख्यानात सांगितलं आहे.

हा प्रयोग घरी करता येतो. दोन भावंडांत नाणं उडवा, एकाला दुप्पट द्या, अर्धा तास खेळा, मग भूमिका बदला. भूमिका बदलणं विसरू नका, नाहीतर रात्री जेवणाच्या पानावरही युद्ध चालू राहील.

करा: हा खेळ कुणी आणि का काढला ते सांगा. एलिझाबेथ मॅगी नावाच्या अमेरिकी स्टेनोग्राफर बाईने ‘लँडलॉर्ड्स गेम’ तयार केला. पेटंट मिळालं ५ जानेवारी १९०४ ला. हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताची ती अनुयायी. जमीन कुणी निर्माण केलेली नाही, तेव्हा तिच्या भाड्यावर एकट्यादुकट्याने श्रीमंत होणं हा अन्याय आहे आणि कर लावायचा तर तो जमिनीवरच लावावा, हा त्याचा विचार. मॅगीला दाखवायचं होतं की भाडं गोळा करणारा फुगत जातो आणि बाकीचे खंक होतात. तिने पुढे दोन नियमावल्या दिल्या. एकीत मक्तेदार जिंकतो, दुसरीत संपत्ती तयार झाली की सगळ्यांना तिचा लाभ मिळतो. तिच्या पटावर फेरी पुरी केल्याचे पैसे मिळत, ते श्रमाची मजुरी म्हणून.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी नियमावली गळून पडली. मॅगीच्या खेळातूनच आलेला मोनोपॉली आपला शोध म्हणून विकणाऱ्या चार्ल्स डॅरोकडून १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने तो घेतला, डॅरो लखपती झाला आणि मॅगीला तिच्या पेटंटचे ५०० डॉलर मिळाले. भाडेकरूंचे हाल दाखवायला काढलेला खेळ घरमालक होण्याची हौस भागवायला विकला गेला! पंधरा वर्षांच्या मुलांना ही गोष्ट फार आवडते. त्यांना मोठ्यांचा ढोंगीपणा पकडायला हवाच असतो.

आणि एक साधा प्रश्न: या पटावर वस्तू कोण तयार करतं? कुणीच नाही. कारखाना नाही, शेत नाही, दुकान नाही. फेरीचे पैसे सोडले तर एकाने कमावायचं ते दुसऱ्याच्या खिशातूनच. खरा व्यापार असा नसतो. दुधवाल्याला पैसे दिले म्हणजे आपण बुडलो असं होत नाही, आपल्याला दूध मिळालेलं असतं. हे पटावर दिसतच नाही.

करा: जोडीला कॅटन आणा. जर्मनीच्या क्लाउस टॉयबरने १९९५ मध्ये काढलेला हा खेळ ही उणीव बऱ्यापैकी भरून काढतो. लाकूड, वीट, लोकर, धान्य, खनिज असा माल हाती येतो आणि एकमेकांशी अदलाबदल केल्याशिवाय कुणाचंच भागत नाही. “मला वीट दे, मी दोन लोकर देतो.” सौदा दोघांनाही सोयीचा असला तरच होतो. बँकेकडे गेलात तर एका वस्तूसाठी सारख्याच चार द्याव्या लागतात. बंदरावर वस्ती असेल तर तीन किंवा दोन. हातात सातपेक्षा जास्त पत्ते साठवले आणि फाशांवर सात पडले की निम्मे परत. साठेबाजीला एवढी चोख शिक्षा दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिलेली नाही. आणि इथे कुणाचं दिवाळं निघून कुणी अर्ध्यात उठून जात नाही. डबा महाग आहे. सोसायटीतल्या दोन-तीन घरांनी मिळून घ्यावा.

टाळा: “घर घेतलं की झालं” हा निष्कर्ष. न्यूयॉर्क अ‍ॅव्हेन्यूवर हॉटेल असेल तर एका फेकीत भाडं १,०००. मुंबई-पुण्यात घराच्या किमतीच्या तीन टक्के भाडं वर्षाला मिळालं तरी माणूस खूश असतो, त्यातून मेंटेनन्स आणि घरपट्टी जातेच. मध्यमवर्गीय मराठी घरात आधीच फ्लॅटपलीकडे गुंतवणुकीची कल्पना जात नाही, त्यात पटाने भर घालू नये.

डाव संपल्यावर

करा: मालमत्तेचा तक्ता. दीड तास झाला, डाव थांबला. आता प्रत्येकाने कागदावर लिहायचं: हातातली रोकड, जागांची छापील किंमत, गहाण जागा असतील तर निम्मी, घरं आणि हॉटेलं बांधायला लागले ते पैसे. कर्जाची चिठ्ठी असेल तर ती वजा. आलेली बेरीज हाच निकाल. पुष्कळदा नोटांची सगळ्यात जाड गड्डी असलेलं मूल तिसरं येतं आणि कार्डांच्या ढिगामागे लपलेलं पहिलं. वाद होतील. हॉटेल बांधायला लागले तेवढे धरायचे की विकून येतील तेवढे? हा वाद चार्टर्ड अकाउंटंटही घालतात, मुलांनी घातला तर बिघडलं कुठे.

करा: एकच प्रश्न विचारा. जेवताना, सहज. “कुठली जागा घ्यायला नको होती?” किंवा “पुन्हा खेळलास तर पहिल्या फेरीत काय करशील?” एक प्रश्न, आणि उत्तर आलं की पुढे चर्चासत्र नाही. हरलेल्याला त्या रात्री विचारूही नका. दुसऱ्या दिवशी त्याचं तोच सांगतो.

करा: खऱ्या पैशाला वाट द्या. दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवता येतं. रिझर्व्ह बँकेची तशी परवानगी आहे, व्यवहारांची मर्यादा ज्या त्या बँकेने ठरवायची असते, आणि अशा खात्यातून शिल्लकीपेक्षा जास्त पैसे काढता येत नाहीत. पाडव्याची ओवाळणी, आजोबांनी हातावर ठेवलेले शंभर, स्पर्धेचं बक्षीस त्यात जाऊ द्या. पैसे भरण्याची स्लिप त्यालाच भरू द्या, रक्कम अक्षरी लिहिताना तो चुकेल, दुसरी स्लिप घ्या. तिमाहीला पासबुक भरून आणायलाही त्यालाच पाठवा आणि व्याजाची ओळ शोधून काढायला सांगा.